कोराडीचा धूर विरळ झाला, म्हणजे संपला का?

नागपूरहून सावनेरकडे निघाले की कोराडीच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. परिसरातील गावकऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा राखेची असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कापसाच्या बोंडावर, पिण्याच्या माठावर बसणारी राख. ती डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा तर ती शेतात आणि नाल्यातही दिसली. याच चिमण्यांतून दुसरी एक गोष्ट बाहेर पडते, ती मात्र दिसत नाही. कोळशात मुरलेले गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू रंगहीन असतो. राख अडवणारी यंत्रणा चिमणीच्या अलीकडे बसवलेली असते, पण हा वायू तिच्यातून सहज निसटतो.

या वायूबाबत केंद्र सरकारने ११ जुलै २०२५ रोजी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार देशातील प्रत्येक कोळसा वीजसंचाला धुरातील सल्फर डायऑक्साइड ठरावीक मर्यादेत आणायचा होता. त्यासाठी धुरातले गंधक काढणारी यंत्रणा, म्हणजे ‘एफजीडी’, बसवणे बहुतेकांना भाग होते. मुदत दोन वर्षांची होती. ती पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली, आणि अखेर २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना या मर्यादेतून सूटच मिळाली. अट एवढीच की चिमणी ठरलेल्या उंचीची हवी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या १० किलोमीटर परिघातील संच ‘अ’ वर्गात येतात. त्यांना डिसेंबर २०२७ पर्यंतची मुदत आहे. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न गाठणारी शहरे यांच्या १० किलोमीटरमधले संच ‘ब’ वर्गात. त्यांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार. उरलेले सगळे ‘क’.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख होती आणि कोराडी शहराच्या उत्तर वेशीला जवळजवळ चिकटलेली आहे. त्यामुळे कोराडीला १० किलोमीटरचा निकष टाळता येण्यासारखा नाही. महानिर्मितीने तिथल्या ६६० मेगावॅटच्या तीन संचांसाठी एफजीडीचे काम हाती घेतलेले आहे. मग कोराडीकरांनी किंवा नागपूरकरांनी काळजी का करावी? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या एका साध्या नियमात आहे. अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांची संहती, म्हणजे ठरावीक जागेतील त्यांची दाटी, वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि घटली की वेग मंदावतो.

नियम समजायला रुग्णालयाचेच उदाहरण घ्यावे. हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो. तेवढ्यात उदबत्ती धुमसत राहते. तीच शुद्ध ऑक्सिजनमध्ये नेली तर भडकते. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ बिडी-काडीला सक्त मनाई असते ती याचसाठी. उदबत्ती तीच असते, फक्त तिच्याभोवतीच्या ऑक्सिजनच्या रेणूंची दाटी वाढलेली असते. रेणू एकमेकांवर आदळल्याशिवाय अभिक्रिया होत नाही, आणि गर्दी वाढली की धडका वाढतात. नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे या दोन शास्त्रज्ञांनी (नात्याने ते मेहुणे होते) १८६४ मध्ये हे गणिताच्या भाषेत मांडले.

पण ‘दुप्पट दाटी, दुप्पट वेग’ हे सूत्र सगळीकडे चालत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. रक्तातले पॅरासिटामॉल यकृत संहतीच्या प्रमाणात काढते. नेहमीच्या मात्रेत साधारण दर दोन-अडीच तासांनी ते निम्मे होत जाते. दारूचे तसे नाही. दारू हाताळणारी विकरे थोड्याच प्रमाणाला पुरतात. ती सगळी कामाला लागली की पुढे कितीही प्याले रिचवले तरी यकृत तासाला ठरावीक ग्रॅमच काढते. म्हणजे अभिक्रियेचा वेग कोणत्या पदार्थाच्या दाटीवर अवलंबून आहे, हे दोघांपैकी कमी पडणारा कोण, यावर ठरते. कोराडीच्या धुराचा सगळा वाद या एका वाक्यात बसतो.

आधी आकार लक्षात घेऊ. एका युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालल्यास १० हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. तीन संचांचे झाले ३० हजार टन. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर पण गंधक कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. ते ०.४ टक्के धरले तर दिवसाला १२० टन गंधक. एक ग्रॅम गंधक जळून दोन ग्रॅम सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे सुमारे २४० टन. संच रोज पूर्ण भाराने चालत नाहीत आणि थोडे गंधक राखेत अडकते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. तरीही तो दिवसाला शेकडा टनांत मोजायचा आहे. ‘आपला कोळसा कमी गंधकाचा’ हा युक्तिवाद टक्केवारी सांगतो आणि टन सांगायचे विसरतो.

हा वायू चिमणीतून बाहेर पडल्यावर काय होते? मोठ्या संचांना २७५ मीटर उंचीची चिमणी सक्तीची आहे. इतक्या उंचीवरून सोडलेला धूर जमिनीपर्यंत येईतो कैक पटींनी विरळ होतो. जवळच्या गावांतील मोजणी यंत्रांवर सल्फर डायऑक्साइड सहसा मानकाच्या आत राहतो, त्याचे हे मोठे कारण. भारतीय मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. सूट देण्यामागच्या युक्तिवादाचा हा मुख्य आधार होता. हवेत सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आत आहेच, मग दर मेगावॅटमागे एक कोटी किंवा त्याहून अधिक रुपये खर्चून तो आणखी का काढायचा, असे विचारले गेले.

प्रश्न गैर नाही. पण त्यात असे गृहीत धरले आहे की विरळ झालेला वायू निरुपद्रवी झाला. हवेत सल्फर डायऑक्साइड सल्फर डायऑक्साइड म्हणून राहत नाही. उन्हामुळे हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत चपळ कण सतत तयार होत असतात. ते सेकंदभरही टिकत नाहीत, पण सापडेल त्याच्याशी अभिक्रिया करतात. त्यांच्यामुळे सल्फर डायऑक्साइडचे सल्फ्युरिक आम्ल होते. शेतातल्या खतातून, गोठ्यांतून आणि सांडपाण्यातून निघणारा अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. ज्याला पीएम २.५ म्हणतात, त्या धुळीतला एक मोठा हिस्सा असा हवेतच जन्मलेला असतो. कुठल्याही चिमणीतून तो थेट बाहेर पडलेला नसतो.

या अभिक्रियेत कमी पडणारा कोण? कोरड्या, मोकळ्या हवेत हायड्रॉक्सिलचा पुरवठा ऊन, ओझोन आणि बाष्प ठरवतात, सल्फर डायऑक्साइड नव्हे. अशा स्थितीत दर तासाला सल्फर डायऑक्साइडचा ठरावीक हिस्सा, भर उन्हात साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी, बदलत जातो. हा हिस्सा वायूच्या दाटीवर अवलंबून नसतो. शंभर टन वायू एका तालुक्यावर असो की पाच जिल्ह्यांवर पसरलेला असो, तासाला बदलणारे टन तेवढेच. उंच चिमणीने कोराडीतल्या माणसाच्या नाकापाशी येणारी दाटी कमी होते हे खरे, पण तयार होणाऱ्या सल्फेटचे वजन कमी होत नाही. उलट, दाट धुराच्या पट्ट्यात हायड्रॉक्सिल आधीच संपलेले असतात. धूर ताज्या हवेत मिसळला की नवे मिळतात आणि रूपांतर वेग घेते.

ढगात आणि धुक्यात चित्र आणखी वेगळे होते. पाण्याच्या थेंबात विरघळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी सल्फर डायऑक्साइडची अभिक्रिया फार झपाट्याने होते, आठवड्याचे काम तासांत. पण तिथे पेरॉक्साइड लवकर संपते. म्हणून चिमणीच्या जवळ, ढगाळ दिवशी, गंधक निम्मे केले तरी सल्फेट लगेच निम्मे होईलच असे नाही. यकृत आणि दारूचीच गोष्ट, फक्त आकाशातली. एफजीडीचे समर्थक ही बाब सहसा सांगत नाहीत, ती सांगायला हवी. मात्र जे गंधक इथे बदलले नाही ते वाऱ्याबरोबर पुढे जाऊन बदलते, एवढेच. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर धुक्याचे झाकण बसले, घराघरांतल्या कोळशाचा धूर त्यात पाच दिवस कोंडला आणि सुमारे चार हजार माणसे गेली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. तिथे दाटी, थेंब आणि वेळ तिन्ही एकत्र आले होते.

वाऱ्याचा वेग तासाला १० किलोमीटर धरला तरी धूर एका दिवसात २४० किलोमीटर जातो. तोवर बारा तासांच्या उन्हात जेमतेम दहावा हिस्सा बदललेला असतो. म्हणजे कोराडीच्या गंधकाचे बहुतांश सल्फेट भंडारा, अमरावती, बालाघाट किंवा त्याही पलीकडच्या हवेत तयार होते. आणि नागपूरच्या हवेतले सल्फेट कोराडीबरोबरच मौदा, तिरोडा, चंद्रपूर आणि आणखी दूरच्या चिमण्यांचे असते. हे ध्यानात घेतले की १० किलोमीटरच्या परिघाचा निकष फार तोकडा ठरतो. परिघ आखला आहे वायूसाठी, आजार येतात कणांमुळे. शहरापासून १० किलोमीटरवरच्या संचाला यंत्रणा हवी आणि ४० किलोमीटरवरच्याला नको, याला वैद्यकीय आधार देणे कठीण आहे. अमोनियम सल्फेट जिल्ह्याची हद्द ओळखत नाही, फुप्फुसेही नाहीत.

शरीरात या दोघांचे वागणे वेगळे असते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे शांतपणे नाकाने श्वास घेणाऱ्या माणसात त्याचा बहुतेक भाग नाकाच्या ओलसर अस्तरातच अडकतो. निरोगी माणसाला थोड्या प्रमाणात काही जाणवतही नाही. दमेकऱ्याचे तसे नाही. चढावर सायकल मारणारा दम्याचा मुलगा तोंडाने धापा टाकत असतो, वायू नाकाला बगल देऊन थेट श्वासनलिकांत जातो आणि पाच-दहा मिनिटांत त्या आवळतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने या वायूसाठी १० मिनिटांचीही मर्यादा सांगितली आहे, घनमीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम. भारतीय मानकात फक्त २४ तासांची आणि वार्षिक सरासरी आहे. सकाळी तासभर वायू दाटला आणि उरलेला दिवस हवा स्वच्छ राहिली, तर सरासरी मानकात बसते. रुग्ण मात्र नेब्युलायझरवर असतो.

सल्फेटचे कण नाकात अडकत नाहीत. ते वायुकोशांपर्यंत उतरतात. त्यांचा परिणाम मिनिटांत दिसत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसांचा जुनाट आजार यांच्या आकड्यांत तो वर्षांनी उमटतो, आणि कुठल्याही एका रुग्णाच्या केसपेपरवर ‘कारण : कोराडी’ असे लिहिता येत नाही. इथेही दाटी आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. पीएम २.५ चा धोका कमी पातळीवर झपाट्याने चढतो आणि पुढे चढ मंदावतो. आपले वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५. आपल्या शहरांत थोडी सुधारणा झाली तर फायदा थोडा वाटतो, कारण आपण त्या वक्राच्या सपाट भागाजवळ आहोत. मोठा फायदा मोठ्या सुधारणेनंतरच पदरात पडतो. धोरण ठरवताना ‘एका यंत्रणेने कितीसा फरक पडणार’ असे विचारणारे या वक्रामुळे नेहमी जिंकतात.

आता खुद्द एफजीडीकडे वळू, कारण तिथेही हाच नियम राबतो. चुनखडी पिठाइतकी बारीक दळून पाण्यात कालवतात आणि उंच मनोऱ्यात धुरावर तिचा पाऊस पाडतात. सल्फर डायऑक्साइड थेंबात विरघळतो, चुनखडीशी अभिक्रिया करतो आणि शेवटी जिप्सम मिळते. ते सिमेंटला चालते. मनोऱ्यात वर चढताना धुरातला वायू कमी कमी होतो आणि दाटी घटली की शोषणाचा वेगही घटतो. समजा, खाली धुरात घनमीटरमागे १५०० मिलिग्रॅम वायू आहे आणि मनोऱ्याचा एक टप्पा तो निम्मा करतो. पहिल्या टप्प्यानंतर ७५०, दुसऱ्यानंतर ३७५, तिसऱ्यानंतर सुमारे १९०, चौथ्यानंतर ९५. पहिल्या टप्प्याने ७५० मिलिग्रॅम काढले, तेवढ्याच उंचीच्या चौथ्याने जेमतेम ९५. खर्च मात्र टप्प्यामागे जवळपास सारखाच.

२०१५ च्या मर्यादा याच्याशी ताडून पाहाव्यात. ५०० मेगावॅटपेक्षा लहान जुन्या संचांना ६००, मोठ्यांना २०० आणि जानेवारी २०१७ पासून उभारलेल्यांना १००. या उदाहरणात ६०० साठी सव्वा-दीड टप्पा पुरतो, २०० साठी तीन लागतात आणि १०० साठी चार. म्हणजे ‘सगळे किंवा काहीच नाही’ एवढेच पर्याय नव्हते. दूरच्या संचांना पूर्ण सूट देण्याऐवजी त्यांच्याकडून पहिले एक-दोन टप्पे मागता आले असते. सर्वांत जास्त गंधक सर्वांत स्वस्तात तिथेच निघते. धुराचा काही भागच धुऊन बाकीचा तसाच सोडण्याची किंवा भट्टीनंतर कोरडा चुना फवारण्याची तंत्रे जगात वापरात आहेत. सार्वजनिक चर्चेत हा मधला मार्ग फारसा आलाच नाही, हे खटकते.

सूट देताना आणखी एक मुद्दा मांडला गेला. चुनखडी वापरली की कार्बन डायऑक्साइड निघतो, शिवाय यंत्रणेला वीज लागते, म्हणजे हवामानबदलाला हातभार. हिशेब करून पाहावा. ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड पकडताना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका किलो कोळशातून समजा ८ ते १० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघाला, तर त्यापायी ६-७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तोच किलोभर कोळसा जळताना सव्वा ते दीड किलो कार्बन डायऑक्साइड आधीच गेलेला असतो. यंत्रणेला लागणारी टक्का-दीड टक्का वीज धरली तरी भर दोन टक्क्यांच्या आतली राहते. मुद्दा खरा आहे, पण त्याचे वजन फार नाही. चुनखडीच्या खाणी, तिची वाहतूक आणि खपणार नाही त्या जिप्समची विल्हेवाट हे आक्षेप अधिक गंभीर आहेत. राखेची विल्हेवाट अजून धड न लागलेल्या कोराडीत तर विशेषच.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एफजीडी आल्याने राख थांबणार नाही. राख तळ्यावरून उडणारी धूळ, उघड्या ट्रकमधून सांडणारी राख, कोळशाच्या वाहतुकीची धूळ हे कोराडी, खापरखेडा परिसरातल्या माणसाच्या खोकल्याचे जवळचे कारण आहे. त्यावरचे उपाय, म्हणजे तळे ओले ठेवणे, ट्रक झाकणे, रस्ते धुणे, एफजीडीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. ते होत नसतील तर दोष रसायनशास्त्राचा नाही. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित आहेत. २९ मे २०२३ च्या जनसुनावणीत त्यांना मोठा विरोध झाला. तिथेही चर्चा एफजीडी हवी की नको यापाशी अडकू नये. तिच्यासोबत राखेचे काय, हा प्रश्न तितक्याच जोराने विचारला जावा.

२०२७ च्या डिसेंबरपर्यंत नागपूरकरांच्या हाती तपासायला दोन गोष्टी आहेत. चिमणीत बसवलेल्या स्वयंचलित मोजणी यंत्रांचे आकडे तासागणिक आणि सर्वांना वाचता येतील असे जाहीर होतात का, ही पहिली. दुसरी, शहरात आणि शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या गावांत पीएम २.५ च्या वजनाबरोबर त्यातल्या सल्फेटचा वाटाही नियमित मोजला जातो का. नीरीसारखी संस्था नागपुरातच असताना विदर्भासाठी अशी मोजणी अवघड नसावी. सल्फर डायऑक्साइड मोजून सल्फेटबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे दुधाचा हिशेब ठेवून दही किती लागले ते सांगण्यासारखे आहे.

तोवर दमेकऱ्यांसाठी एक व्यावहारिक बाब. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. चुली, शेकोट्या, कचऱ्याचा आणि वाहनांचा धूर त्यात कोंडतो, त्यामुळे पहाटेचे फिरणे त्रासाचे असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. उंच चिमणीचा धूर मात्र त्या वेळी या थराच्या वर असतो. ऊन तापून थर मोडू लागला की तो एकदम खाली उतरतो, साधारण नऊ ते अकराच्या सुमारास. कोराडी, महादुला, खापरखेडा भागातील दम्याच्या मुलांना नेमक्या याच वेळी शाळेच्या मैदानावर पळवले जात असेल, तर डिसेंबर-जानेवारीत खेळाचा तास दुपारी घेता येईल. रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरे वाटते म्हणून या दोन महिन्यांत बंद करू नये, आणि त्रासाच्या वेळचा इनहेलर दप्तरात ठेवावा.